सासूबाईंकडची अर्धी किल्ली

दिवाळी अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "तुमच्या कामाबद्दल लिहा, फक्त आमच्या वाचकांना समजेल असं लिहा." हे दुसरं वाक्य मला सगळेच ऐकवतात. दातांच्या डॉक्टरला कोणी असं सांगत नाही. कॉम्प्युटरवाल्या बाईने तोंड उघडलं, की समोरचा मात्र आधीच हात जोडून बसतो. म्हणून पहिल्यांदाच सांगते, यात न समजण्यासारखं काहीही नाही. माझं काम किल्ल्या सांभाळायचं आहे.

खामगावात एका तेलगिरणीच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. जिन्यात सरकीच्या ढेपेचा, म्हणजे जनावरांच्या पेंडीचा, वास येतो आणि खाली मशीन सुरू झाली की वर चहाचे कप टेबलावर चालायला लागतात. आम्ही जिनिंगवाल्यांसाठी, धान्याच्या अडत्यांसाठी आणि शेगावच्या काही लॉजसाठी सॉफ्टवेअर करतो. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. तिथे कापसाची गाडी काट्यावर उभी राहते, वजन होतं आणि पावती छापून येते. ती पावती छापणारा प्रोग्राम आमचा.

आता किल्ल्यांचं. प्रोग्रामला काम करायला बरेच पासवर्ड लागतात. वजनं साठवायच्या जागेचा एक, शेतकऱ्यांना मोबाईलवर भाव कळवणाऱ्या सेवेचा एक, बँकेचा एक. हे सगळे एका बारक्या फाईलमध्ये असतात. ती फाईल प्रोग्रामला लागते आणि प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकालाही लागते. नवा माणूस कामावर आला की पहिल्या दिवशी दोनच गोष्टी विचारतो, पाण्याची बाटली कुठे भरायची आणि ती फाईल कोण देईल. ती त्याला कशी द्यायची, की वाटेत दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नये, एवढाच माझा धंदा आहे. तुम्ही म्हणाल, एवढंच? मीही सुरुवातीला एवढंच म्हटलं होतं. पण तेव्हा मी गजूभाऊंसोबत काम केलेलं नव्हतं.

गजूभाऊ आमचे मालक. वडिलांचं ढेपेचं दुकान सांभाळता सांभाळता त्यांनी ही कंपनी काढली. मोठ्या मनाचा माणूस, पण पोटात काही म्हणता काही राहत नाही. कोणाच्या मुलीचं कुठे जमलं, कोणाला शुगर निघाली, कंपनीचा पासवर्ड काय आहे, सगळं सारख्याच आपुलकीने सांगणार. एकदा बुलढाण्याच्या एसटीत बसून ते फोनवर पासवर्ड सांगत होते. बोथ्याच्या घाटात रेंज जात होती, म्हणून मोठ्याने सांगत होते. पुन्हा पुन्हा सांगत होते. शेवटी मागच्या सीटवरच्या एका बाईनेच तो फोनजवळ तोंड नेऊन नीट सांगितला, असं ते स्वतः कौतुकाने ऑफिसात येऊन म्हणाले.

दुसरा पंकज. हुशार मुलगा, कामाला वाघ, पण घाईचा. त्याच्या सगळ्या चुका घाईच्या आणि सगळी घाई घरी लवकर जायची.

मी आले तेव्हा ऑफिसात पासवर्डची देवाणघेवाण व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवर चालायची. तो ग्रुप ऑफिसच्या उद्घाटनाच्या वेळी काढलेला होता, त्यामुळे त्यात मंडपवाला, आचारी आणि फुलवाला अजून होते. कोणालाच काढलं नव्हतं, कारण गजूभाऊंच्या मते काढलं की माणसाला वाईट वाटतं. एक दिवस पंकजने ग्रुपवर विचारलं, चालू पासवर्ड कोणता? त्याला मंडपवाल्याने उत्तर दिलं, "पंकजभाऊ, तो नका टाकू, तो जुना हाय. परवाचा नवा वर पाहा." आणि तो बरोबर होता. मी त्या दिवशी डोक्याला हात लावून बसले. गजूभाऊ म्हणाले, "पाह्यलं काय ताई, मानसं कशी आपली समजून राह्यतात."

मी भडकू आहे, हे मला मान्य आहे. माझा नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे आणि तो म्हणतो, तू ऑफिसात आहेस म्हणून माझी पोरं वाचली. पण मी भडकायचे त्याला कारण होतं. त्याआधी बरीच वर्षं मी पुण्यात नोकरी केली. नवरा इथे, मी तिथे, लेक आजीजवळ. ऑफिसात चुकून "मले" निघून गेलं की बाकीच्या मुली गोड हसायच्या, म्हणून मी तोंडाला लगाम लावून बोलायचे. घरी फोन करायला गच्चीवर जायचे. ही कंपनी निघाली म्हणून मला माझं काम माझ्या गावात, माझ्या भाषेत, लेकीला शाळेतून आणता आणता करता यायला लागलं. ही बुडाली तर खामगावात या कामासाठी मला दुसरं दार नव्हतं. पुन्हा पुणं, पुन्हा ती गच्ची. त्यामुळे मंडपवाल्याला आमचा पासवर्ड पाठ आहे, हे मला हसण्यासारखं वाटत नव्हतं.

आणि मग जे व्हायचं ते झालंच. जगभरचे प्रोग्रामर आपलं लिखाण ज्या उघड्या ठिकाणी ठेवतात, तिथे पंकजने एका शुक्रवारी आमचा अख्खा प्रोग्राम त्या फाईलसकट टाकून दिला. घाई. अशा फायली शोधत बसणारे लोक जगात आहेत, त्यांना दुसरा उद्योग नसतो. त्यांना आमच्या मेसेजच्या सेवेची किल्ली मिळाली. शनिवारी सकाळी ज्या शेतकऱ्यांना कापसाचा भाव यायचा, त्यांना केस परत उगवणाऱ्या तेलाची जाहिरात गेली. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला, म्हणजे जिनिंगच्या शेठजींनाही गेली. शेठजींच्या डोक्यावर एकही केस नाही.

"गजू," शेठजी फोनवर म्हणाले, आणि भाऊंनी फोन स्पीकरवर ठेवला, कारण त्यांना एकट्याने ऐकवत नव्हतं. "मी तुह्या बापाच्या दुकानातून ढेप घेत होतो. तू मले तेल विकून राह्यला काय बे?"

"नाई शेठजी, ते चोरायनं पाठवलं."

"चोरायले माह्यं डोकं कसं माहीत?"

शेठजींनी शेवटी बजावलं, की पुन्हा काही गडबड झाली तर ते अकोल्याच्या कंपनीला काम देतील. शेठजींचं काम म्हणजे आमचं निम्म्याहून जास्त काम. ते गेलं की तेलगिरणीवाल्याला जागा परत.

त्यानंतर मात्र सगळ्यांनी माझं ऐकलं. मी ऑफिसातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर तिजोरी बसवली. खरी लोखंडी नाही, हाही एक प्रोग्रामच. सगळे पासवर्ड त्यात. ज्याला जो लागेल तेवढाच त्याला मिळणार, कोणी कधी नेला त्याची नोंद राहणार. माणसांनी एकमेकांना काही पाठवायचंच नाही, जे काय मागायचं ते तिजोरीला मागायचं. जिनिंगचा प्रोग्रामसुद्धा रोज सकाळी सुरू होताना तिजोरीकडूनच पासवर्ड घेणार. यात एक मेख आहे. तिजोरीचा कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला, की ती कडीकुलपात जाते आणि मोठी किल्ली दिल्याशिवाय कोणालाच दार उघडत नाही.

ही मोठी किल्ली म्हणजे काही शब्दांची माळ. एकमेकांशी काही नातं नसलेले शब्द, कॉम्प्युटरनेच निवडलेले. आणि चांगल्या रीतीप्रमाणे ती एका माणसाच्या हातात ठेवत नाहीत, दोघांत वाटून देतात. अर्धी माझ्याकडे राहिली. ती मी नवऱ्याकडूनही पाठ करून घेतली. तो मास्तर, त्याने पाढ्यांसारखी घोकली. उरलेली अर्धी कोणाकडे, हा प्रश्न होता. पंकज घाईचा. गजूभाऊंनी तर स्वतःच हात वर केले. "मले नका सांगू ताई. माह्या पोटात राह्यत नाई."

मी म्हटलं, माणूस गावाबाहेरचा हवा, कॉम्प्युटरशी संबंध नसलेला हवा आणि तोंडाचा पक्का हवा. भाऊ दोन दिवस विचार करून आले.

"ताई, गुपित कायनं फुटते? बोल्ल्यानं फुटते. मंग जो मानूस आपल्याशी बोलतच नाई, त्याच्याजवळ ठेवा ना."

"असा कोण आहे?"

"माही सासू."

आता हे प्रकरण सांगावं लागेल. गजूभाऊंची सासुरवाडी नांदुऱ्याची. त्यांच्या साळ्याच्या लग्नात धाकट्या जावयाला फेटा बांधून सुटाचं कापड दिलं आणि गजूभाऊंच्या हातात टॉवेल-टोपी ठेवली. टॉवेल-टोपी आमच्याकडे मांडवात आलेल्या कोणालाही देतात. थोरल्या जावयाला देत नाहीत. भाऊ भरल्या ताटावरून उठले आणि सरळ खामगावला आले. तेव्हापासून त्यांनी नांदुऱ्याला पाय ठेवला नव्हता आणि सासूबाईही त्यांचा उंबरा चढल्या नव्हत्या. मधे सुनंदावहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, तेवढ्या येऊन-जाऊन असायच्या.

मी पुष्कळ विचार केला आणि मला त्या म्हणण्यात चूक सापडेना. मी कागद न वाचता, घडी घालून वहिनींच्या हातात दिला. त्यांनी तो नांदुऱ्याला नेला, आईला वाचून दाखवला, आईने पोळ्या लाटता लाटता पाठ केला आणि मग कागद गॅसवर जाळला. कागद ठेवायचा नाही, हा माझा नियम होता. वहिनींना शब्द आठवत असतील म्हणून मी काळजीत होते. त्या म्हणाल्या, "मले माह्या गॅसच्या नंबराची याद राह्यत नाई ताई, तुमी काय घेऊन बसल्या."

त्यानंतर मी स्वतः मावशींना फोन केला. भाऊंच्या सासूबाईंना मी मावशी म्हणते. सांगितलं, हे शब्द फोनवर कोणालाही सांगायचे नाहीत. मुलीने मागितले तरी नाही, मी मागितले तरी नाही. आजकाल लोक हुबेहूब आवाज काढून फसवतात.

"मंग कोनाले सांगाचे?"

"समोर आलेल्या माणसाला. ओळख पटवून."

"कोनत्या मानसाले?"

"कंपनीच्या मालकाला."

"म्हंजे जवायाले."

"हो."

"बरं," मावशी म्हणाल्या. त्या "बरं"मध्ये बरंच काही होतं, पण मला त्या वेळी फक्त नियम दिसत होते.

पुढे सगळं इतकं सुरळीत चाललं, की मी दुसऱ्या कंपन्यांना ऐटीत सल्ले द्यायला लागले. आणि मग दिवाळीनंतर, कापसाचा हंगाम भरात असताना, एका पहाटे लाईन गेली. इन्व्हर्टर होता. त्याच्या बॅटरीत पाणी घालायचं काम पंकजचं होतं आणि त्याने ते घाईत आमच्या कुंडीतल्या मनीप्लांटला घातलं होतं, असं नंतर कळलं. तिजोरीचा कॉम्प्युटर बंद पडला. लाईन आली तेव्हा तो चालू झाला आणि तिजोरी कडीकुलपात जाऊन बसली.

मी ऑफिसात पोचले तेव्हा शेठजींचा फोन आलेला होता. काटा चालू, वजन दिसतंय, पावती निघत नाही. कापसाच्या गाड्या फाटकापासून पार रस्त्यापर्यंत उभ्या. "दुपारपर्यंत हातानं लिहून देतो," शेठजी म्हणाले. "हातानं लिहिलेल्या वजनावर कोनाचा भरोसा नाई, भांडनं होऊन राह्यली. दुपारी मी अकोल्यावाल्याले गाडी पाठवतो, अन् तुमी तुमचं सामान काढा." आणि फोन ठेवला. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं, पण शेठजी अगदी शांत होते.

"ताई, तुमीच बनवली, तुमीच तोडा," गजूभाऊ म्हणाले.

"तोडता आली असती तर बनवली कशाला?"

हे मी चिडून बोलले, पण आतून मला त्याचा थोडा अभिमानच वाटला. मग तो अभिमान लगेच गेला, कारण मला पुण्याची गच्ची दिसली.

वहिनींना बोलावलं. त्यांनी आईला फोन लावला, स्पीकरवर ठेवला.

"आई, ते शब्द सांग बरं."

"कोनते शब्द?"

"तुले पाठ कराले दिले होते ते."

"मले काही पाठ नाई. कोन बोलून राह्यली तू?"

"आई, मी सुनंदा."

"सुनंदाचा आवाज कोनीबी काढते आता. टीव्हीत दाखवतात."

मी फोन हातात घेतला. "मावशी, मी बोलतेय, जिने तुम्हाला नियम सांगितले ती. फार निकड आहे."

"तुहं नाव घेऊनच फसवतीन, असं तूच सांगतलं होतं," मावशी म्हणाल्या. "ज्याचं काम हाय त्याले पाठव. समोर. मी डाळ शिजाले टाकतो." आणि फोन बंद झाला. डाळ कशाला, हे मला कळेना. वहिनींनी मात्र तोंडाला पदर लावला.

भाऊंनी मान फिरवली. "मी नाई जात."

"भाऊ, गाड्या उभ्या आहेत."

"कंपनी गेली तं जाऊ द्या. बापाचं दुकान हाय. टॉवेल-टोपीवाल्या घरी मी पाय नाई ठेवत."

मग मी जे बोलले ते मी मालकाशी कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, "तुमचं दुकान आहे. माझं काय आहे? तुम्हाला फेटा नाही मिळाला म्हणून मी लेकीला सोडून पुण्याला जायचं का? मी जाणार नाही. मी तुमच्या तेलगिरणीच्या जिन्यात बसून रडीन आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगीन, की काऊन रडून राह्यली." मी खरंच रडायला लागले होते, आणि रागाने तोंडातून वऱ्हाडी निघायला लागलं होतं. भाऊंनी गाडीची किल्ली उचलली. जिना उतरताना म्हणाले, "उंबऱ्याबाहेर उभा राह्यतो. आत नाई जात."

नांदुऱ्याला पोचेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. माझ्या माहितीत गजूभाऊ इतका वेळ गप्प बसल्याचं हे एकमेव उदाहरण आहे.

मावशी दारातच होत्या. ठेंगण्या, काटक, डोक्यावर पदर. त्यांनी बादलीभर पाणी आणि तांब्या आधीच पायरीवर ठेवला होता. "पाय धुवा," म्हणाल्या. भाऊंनी पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाय धुतले. पाय धुतल्यावर बाहेर उभं राहता येत नाही, म्हणून ते आत आले. घरात पुरणाचा वास होता.

"मावशी, खूप घाई आहे हो," मी लॅपटॉप उघडत म्हटलं.

"मले बी घाई हाय. पुरन कोमट झालं तं लाटाले त्रास देते. पन पहिले ओळख पटवा लागते ना? तूच सांगतलं."

"मावशी, हे तुमचे जावई आहेत."

"जवाई दिसतात. पन लय दिवस पाह्यले नाई. बसा." भाऊ खुर्चीच्या टोकावर बसले. मावशी समोर पाटावर बसल्या आणि त्यांनी ओळख तपासायला घेतली. बँकेत विचारतात ना, आईचं माहेरचं आडनाव काय, तसंच. "सुनंदाले पाहाले आले होते तवा कोनता शर्ट घातला होता?"

"चौकडीचा," भाऊ भिंतीकडे पाहत म्हणाले. "भावाचा होता."

"हाव. अन् पहिल्यांदा जेवाले बसले तं काय मागतलं होतं?"

"ठेचा."

"कोनाजवळ मागतला?"

"तुमच्याजवळ."

"बरोबर." मावशींनी पाट थोडा पुढे ओढला. "अन् लग्नात ताटावरून उठले, तवा कोनाले सांगून गेले?"

माझा फोन थरथरत होता, शेठजींचा असणार, मी तो उलटा ठेवला.

"कोनालेच नाई," भाऊ म्हणाले.

"बरोबर हाय," मावशी म्हणाल्या. "हेच जवाई." मग त्या उठल्या, आतल्या कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं सुटाचं कापड घेऊन आल्या आणि भाऊंच्या मांडीवर ठेवलं. "हे दुसऱ्या गाडीत होतं. गाडी जळंबच्या फाटकावर अडकली, रेल्वे निघता निघेना. तुमाले रिकाम्या हातानं कसं बसवावं म्हनून टॉवेल-टोपी दिली, तेवढ्यापुरती. गाडी आली अन् पाह्यतो तं तुमी गेले होते."

"मले वाटलं..."

"तुमाले वाटलं. मले विचारलं असतं."

भाऊंनी त्या कापडावरून हात फिरवला. तपकिरी रंग होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्यांनी नाक ओढलं, जे फारच मोठ्याने ओढलं गेलं. "गलती झाली," ते म्हणाले. मावशींनी "बरं" म्हटलं. या वेळचं "बरं" वेगळं होतं.

मला वाटलं, आता शब्द मिळतील. मावशी म्हणाल्या, आधी जेवण. मी काकुळतीला आले. शेवटी तडजोड अशी झाली, की भाऊंनी एक पुरणपोळी खाऊन दाखवायची, बाकीची तिजोरी उघडल्यावर. भाऊंनी ती तुपात बुडवून इतक्या झपाट्याने खाल्ली, की पंकजसुद्धा मागे पडला असता. मी मोबाईलच्या नेटवरून लॅपटॉप ऑफिसातल्या तिजोरीला जोडला, माझे शब्द टाकले आणि तो भाऊंपुढे सरकवला.

"तू अंगनात जाय," मावशी मला म्हणाल्या.

"मी?"

"तुले दोनी अर्धे मालूम झाले तं मंग वाटून काऊन दिले होते?"

हा माझाच नियम होता, म्हणून मी गुपचूप अंगणात जाऊन उभी राहिले. मागे वळून पाहिलं तर मावशी भाऊंच्या कानाशी वाकून सांगत होत्या आणि भाऊ जीभ बाहेर काढून एका बोटाने एकेक अक्षर दाबत होते. हात तुपाचे होते. एकदा चुकले. पुन्हा पहिल्यापासून. मी अंगणातल्या जास्वंदीची पानं तोडत राहिले. मग पंकजचा फोन आला.

"ताई, उघडली. पावत्या निघून राह्यल्या."

मी त्या जास्वंदीजवळ खाली बसले. शेठजींना फोन केला, तर ते म्हणाले, "हाव, गाड्या सरकल्या." मग म्हणाले, "अकोल्यावाल्याले गाडी आता नाई पाठवत. पन बॅटरी बदला." यापेक्षा गोड शब्द मी पुण्याच्या एवढ्या नोकरीत ऐकले नव्हते. बॅटरी त्याच आठवड्यात बदलली आणि पाणी घालायचं काम पंकजकडून काढून मी स्वतःकडे घेतलं.

त्यानंतर भाऊ आणि त्यांच्या सासूबाई रोज फोनवर बोलायला लागले. एकदा सुरू झाले की थांबेनात. भाऊ ऑफिसात येता येता बोलत, जिना चढता चढता बोलत. मला त्यांच्या घरचं बरं वाटलं, पण माझ्या कामाचं बरं वाटेना. ज्या एका कारणासाठी अर्धी किल्ली नांदुऱ्याला ठेवली होती, तेच कारण संपलं होतं. त्यात आता भाऊंनाही ते शब्द ठाऊक झाले होते. मी ठरवलं, की अर्धी किल्ली बदलायची आणि अकोल्याच्या एका वकीलबाईंकडे ठेवायची. हे फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं, म्हणून एका रविवारी मी एकटीच एसटीने नांदुऱ्याला गेले.

मावशी मेथी निवडत होत्या. मी बाजूला बसून निवडू लागले आणि समजावून सांगितलं. तुमची काही चूक नाही, तुम्ही तर आमच्या सगळ्यांपेक्षा पक्क्या निघालात, पण कामाची रीत अशी असते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला करत राहिल्या.

"नेजो," त्या म्हणाल्या. "तुह्या कामाचं तुले जास्त समजते." मग मेथीकडेच पाहत म्हणाल्या, "पन पोरी, किल्ली नेली तं मंग तो इकडे येईन काऊन?"

"मावशी, आता रुसवा गेला की."

"रुसवा गेला. फोनबी करते रोज. पन मानसाले काम असलं की मानूस येते. नुसतं या म्हनलं तं दुकान हाय, ऑफिस हाय, पाऊस हाय. त्या दिवशी कसा पाय धुऊन आत आला."

मीही माझ्या आईला पुण्याहून रोज फोन करायचे आणि सुट्टी मिळत नाही म्हणून सांगायचे. मी हातातली मेथी खाली ठेवली.

"मावशी, एक नियम सांगायचा राहिलाच," मी म्हटलं. "अर्धी किल्ली एकदा दिली की संपलं, असं नसतं. ती मधून मधून बदलावी लागते." आणि यात एका अक्षराचंही खोटं नाही, आमच्या धंद्यात कोणालाही विचारा. "नवे शब्द पाठ करायला द्यावे लागतात. आणि ते मालकाला बंद पाकिटात स्वतः घेऊन यावं लागतं. समोर. फोनवर चालत नाही."

मावशींनी मान वर केली. "किती दिसानं बदला लागते?"

"ते तुम्ही सांगा."

त्यांनी हात झटकले आणि बोटं मोजायला घेतली. "अखाजीले. पोळ्याले. दिवाळीले तं हायच. संक्रांतीले तीळगूळ घ्याले येईन." मी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि कंपनीच्या सुरक्षेच्या नियमांत तिथेच, मेथीच्या काड्यांशेजारी बसून, अक्षय तृतीयेपासून संक्रांतीपर्यंत ते सगळे सण लिहिले.

"वाच बरं काय लिहिलं ते," त्या म्हणाल्या.

मी वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"जेवून जाचं, हे लिहिलं काय?"

लिहिलं नव्हतं. लिहिलं.